डोंबिवलीची शाई ते क्वीन्सचं स्टिकर: माझा सिटिझनशिपचा आणि पहिल्या मताचा अनुभव

घरात माणसं तीन आणि मत एकालाही नाही, अशी आमच्या घरची परिस्थिती चौदा वर्षं होती. मी आणि नवरा ग्रीन कार्डच्या रांगेत, मग ग्रीन कार्डवर, आणि मुलगा २०११ ला इथेच न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागात जन्मला म्हणून घरातला एकटा नागरिक, पण तो लहान. टॅक्स मात्र दर एप्रिलला न चुकता. हे सगळं लिहितेय कारण मी जेव्हा अमेरिकेच्या नागरिकत्वाचं करायला घेतलं तेव्हा मराठीत कोणी नीट, तारखांसकट लिहिलेलं मला सापडलं नाही, आणि ग्रुपवर जे सापडायचं ते एकतर "काही नाही गं, सोप्पं असतं" नाहीतर "वकीलच कर बाई" या दोनच टोकांचं. मी वकील नाही हे आधीच सांगते, मी एका डेंटिस्टकडे हिशेब बघते. माझ्या केसमध्ये जे झालं तेवढंच सांगतेय, तुमची केस वेगळी असेल तर विचारून घ्या कोणाला तरी.

मी न्यूयॉर्कला आले ऑक्टोबर २००८ मध्ये, एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाच्या शेपटाला बांधून. तीन आठवड्यांत ओबामांची निवडणूक झाली. खाली रस्त्यावर लोक नाचत होते, भांडी वाजवत होते, आणि मी तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत उभी राहून बघत होते, म्हणजे शेजारच्या सोसायटीतला गणपती आपण गॅलरीतून बघतो ना तसं. डोंबिवलीत मी २००४ ला मत दिलं होतं, शाळेच्या त्याच वर्गात जिथे मी चौथीला बसायचे, आणि नखावरची शाई मग कित्येक आठवडे पोळ्या लाटताना दिसत राहिली होती. ते मत माझं शेवटचं ठरेल असं काही तेव्हा वाटलं नव्हतं.

एच-४ वाल्यांना काम करायची परवानगी मे २०१५ मध्ये आली, तोपर्यंत मी घरी. नवऱ्याची प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली तारीख, २००९ ची आणि ग्रीन कार्ड हातात आलं ऑगस्ट २०१९ मध्ये. भारतीयांच्या रांगेबद्दल ज्यांना माहितीये त्यांना माहितीये, ज्यांना नाही त्यांच्यासाठी एवढंच की आमच्यानंतर अर्ज करणारे बरेच जण अजून उभेच आहेत.

मधल्या काळात मताशी माझा संबंध यायचा तो दोनच ठिकाणी. एक म्हणजे पार्टिसिपेटरी बजेटिंग, नगरसेवकाच्या निधीतले थोडे पैसे कशावर खर्च करायचे ते वॉर्डातल्या लोकांनी ठरवायचं, त्यात अकरा वर्षांच्या पुढचा कोणीही रहिवासी मत देऊ शकतो, कागदपत्रं काय आहेत ते विचारत नाहीत. तिथे मी आणि मुलाने मिळून शाळेच्या बाथरूमच्या दुरुस्तीला मत दिलं. दुसरं म्हणजे स्टेशनच्या जिन्याखाली क्लिपबोर्ड घेऊन उभी असलेली पोरंपोरी. "मॅडम, एक सही, उमेदवाराला बॅलटवर आणायला." एकदा घाईत मी पेन हातात घेतलंसुद्धा होतं. मग खाली बारीक अक्षरात वाचलं की सही करणारा नोंदणीकृत मतदार पाहिजे. पेन परत दिलं. हे मुद्दाम सांगतेय, कारण नागरिक नसताना कुठेही चुकून मतदार म्हणून नाव नोंदवलं, सही केली, तर पुढे सिटिझनशिपच्या फॉर्मवर थेट प्रश्न असतो: तुम्ही कधीही अमेरिकेत मतदार म्हणून नाव नोंदवलंय का, मत दिलंय का? कधीही म्हणजे कधीही. तिथे "हो" लिहायची वेळ आली तर नुसता फॉर्म अडकत नाही, ग्रीन कार्डही धोक्यात येऊ शकतं. त्यामुळे कोणी कितीही गोड हसून फॉर्म पुढे केला तरी आधी वाचा.

आणि २०२१-२२ मध्ये तर हा गोंधळ फारच वाढला होता. डिसेंबर २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी कौन्सिलने कायदा पास केला की ग्रीन कार्डवाले आणि वर्क परमिटवाले, शहरात तीस दिवस राहिलेले असले की, महापौर, नगरसेवक वगैरे शहराच्या निवडणुकांत मत देऊ शकतील. आठ लाखांच्या वर लोकांना मत मिळणार होतं. महापौर अॅडम्सनी सही पण केली नाही आणि नकार पण दिला नाही, म्हणून ९ जानेवारी २०२२ ला तो आपोआप कायदा झाला. मी ऑफिसात पेढे वाटायचीच बाकी होते. इथल्या जुन्या लोकांनी सांगितलं की यात नवीन काही नाही, शहराच्या शाळा बोर्डांच्या निवडणुकीत नागरिक नसलेले पालक पूर्वी मत देतच होते, ती बोर्डंच २००३ च्या सुमारास बंद झाली म्हणून ते संपलं. मेरीलंडमधल्या टाकोमा पार्क गावात तर १९९२ पासून स्थानिक निवडणुकीत चालूच आहे. पण न्यूयॉर्कमध्ये कोर्टात गेलं प्रकरण आणि २७ जून २०२२ ला स्टॅटन आयलंडच्या न्यायाधीशांनी कायदा रद्द केला. नोंदणी डिसेंबरपासून सुरू होणार होती, ती झालीच नाही. नवरा म्हणाला, "बरं झालं, नाहीतर तू नोंदवून बसली असतीस आणि मग फॉर्मवर काय लिहिलं असतंस?" राग आला पण मुद्दा बरोबर होता.

त्या दिवशी ठरवलं की मागच्या दाराने नको, पुढच्याच दाराने जाऊ.

ग्रीन कार्डला पाच वर्षं झाली की अर्ज करता येतो (नागरिकाशी लग्न झालं असेल आणि सोबत राहत असाल तर तीन), आणि पाच वर्षं पूर्ण व्हायच्या नव्वद दिवस आधीपासून फॉर्म भरता येतो. माझ्या कार्डावर "रेसिडेंट सिन्स" १४ ऑगस्ट २०१९, म्हणजे १६ मे २०२४ पासून. दिवस नीट मोजा, एक दिवस आधी भरला तरी नाकारू शकतात. मी तीन दिवस जास्तीचे सोडले आणि रविवारी, १९ मेच्या रात्री बसले. गंमत म्हणजे तेव्हा डोंबिवलीत सोमवार २० मेची सकाळ झालेली, आणि त्या दिवशी ठाणे, कल्याण, मुंबई सगळीकडे लोकसभेचं मतदान होतं. मी फॉर्ममध्ये "तुमची सध्याची नागरिकता" या खान्यात इंडिया लिहितेय आणि व्हॉट्सॅपवर आईचा शाई लावलेल्या बोटाचा फोटो येऊन पडला. खाली लिहिलेलं, "सकाळीच जाऊन आले, ऊन व्हायच्या आत." तिला तेव्हा सांगितलं नाही मी काय करत होते ते. लॅपटॉप बंद केला, चहा केला, परत उघडला.

फॉर्मचं नाव एन-४००. ऑनलाइन भरला तर ७१० डॉलर, कागदावर ७६०. १ एप्रिल २०२४ च्या आधी ७२५ होते, म्हणजे आपल्याला पंधरा डॉलर फायदा, तेवढ्यात ७४व्या स्ट्रीटवर दोघांचा डोसा होतो. उत्पन्न कमी असेल तर ३८० मध्ये होतं, आणि अगदीच नसेल तर फी माफीचाही अर्ज आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. शहरात फुकट फॉर्म भरून देणारे लोकही आहेत, सिटी युनिव्हर्सिटीचं सिटिझनशिप नाऊ आहे, क्वीन्सच्या लायब्ररीत क्लास असतात. मी वकील केला नाही.

फॉर्म तसा अवघड नाही, कंटाळवाणा आहे. पाच वर्षांतले पत्ते, नोकऱ्या, आणि चोवीस तासांपेक्षा जास्त देशाबाहेर राहिलात त्या प्रत्येक ट्रिपच्या तारखा. इथे माझी झोप उडाली. २०२१ मध्ये बाबांची बायपास झाली, मी २ फेब्रुवारीला भारतात गेले ती त्या भयंकर दुसऱ्या लाटेत तिथेच अडकले आणि २५ जुलैला परत आले. नियम असा आहे की एका ट्रिपमध्ये सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर "सलग वास्तव्य" तुटलं असं धरतात, आणि मग तुम्हाला सिद्ध करत बसावं लागतं की तुमचं घर इथेच होतं. मी कॅलेंडर घेऊन बोटांवर मोजलं, नवऱ्याने एक्सेलमध्ये मोजलं, मुलाने फोनवर मोजलं. १७३ दिवस. आठवड्याभराने वाचले. बाबांना पुढे डिस्चार्ज मिळाल्यावर "अजून दहा दिवस थांब" असं आईने म्हटलं होतं आणि मी नाही म्हटलं होतं, मुलाच्या शाळेचं कारण सांगून. त्या "नाही"चं मला आजही वाईट वाटतं आणि तोच "नाही" इथे कामाला आला, काय बोलायचं यावर.

याशिवाय पाच वर्षांत एकूण निदान तीस महिने अमेरिकेत असायला लागतं. पासपोर्टवरचे शिक्के, विमानाची जुनी ईमेल, सरकारी साइटवरची आय-९४ ची ट्रॅव्हल हिस्टरी, तिन्ही समोर ठेवून यादी करा. माझी तरी एक ट्रिप राहिलीच, ती पुढे येईल.

फॉर्म सबमिट केल्या केल्या रिसीट मिळाली. बोटांचे ठसे जुनेच वापरले, तशी नोटिस आली आठवड्यात. आणि मग शांतता. जून, जुलै, ऑगस्ट. साइटवर "उरलेला अंदाजे वेळ" म्हणून एक आकडा दिसतो, तो कधी कमी होतो कधी वाढतो, लोकलच्या इंडिकेटरसारखा, त्यावर फार विश्वास ठेवू नका आणि दिवसातून चार वेळा तर अजिबात उघडू नका. मी उघडायचे.

या काळात अभ्यास केला. तेव्हा शंभर प्रश्नांची यादी होती, त्यातले ऑफिसर दहापर्यंत विचारणार, सहा बरोबर आले की पास. (आता २० ऑक्टोबर २०२५ पासून फॉर्म भरणाऱ्यांना १२८ प्रश्न, त्यातले वीसपर्यंत विचारणार आणि बारा बरोबर पाहिजेत, त्यामुळे माझा किस्सा ऐकून गाफील राहू नका.) सेव्हन ट्रेनमध्ये कानात प्रश्नोत्तरं लावून मी ऑफिसला जायचे. समोर बसलेल्या एका बाईंच्या हातात स्पॅनिशमधलं तेच पुस्तक, आम्ही एकमेकींकडे बघून हसायचो, नाव कधी विचारलं नाही.

शंभरात मताबद्दलचे प्रश्न बरेच. मतदान कोण करू शकतं याबद्दल घटनेत चार दुरुस्त्या आहेत, त्यातली एक सांगा. फक्त नागरिकांचा असा एक हक्क सांगा. फक्त नागरिकांची अशी एक जबाबदारी सांगा. सुझन अँथनीने काय केलं? मुलगा सातवीत होता तेव्हा, तो माझी उलटतपासणी घ्यायचा आणि चुकलं की "आई, डिपोर्ट!" म्हणून ओरडायचा, त्याला एकदा चांगलाच धपाटा घातला.

वाचता वाचता एक वेगळंच सापडलं. मुंबईचा एक पारशी कापड व्यापारी, भिकाजी बलसारा, न्यूयॉर्कमध्ये नागरिकत्व मागायला कोर्टात गेला आणि १९१० मध्ये वरच्या कोर्टाने ते कायम केलं, कारण तेव्हा "गोऱ्या" माणसालाच मिळायचं आणि पारशी त्यात बसतात असं कोर्टाला पटलं. पण १९२३ मध्ये भगतसिंग थिंड या शीख सैनिकाला सुप्रीम कोर्टाने सांगितलं, तू गोरा नाहीस. त्याचा वकील सखाराम गणेश पंडित, हाही भारतीयच, त्याचंसुद्धा नागरिकत्व काढायला सरकार मागे लागलं, पण तो स्वतःची केस लढला आणि जिंकला. सगळ्या भारतीयांना दार उघडलं ते १९४६ मध्ये. हे वाचल्यावर ७१० डॉलर आणि सहा महिन्यांची वाट याबद्दल कुरकुर करायची जरा लाज वाटायला लागली. थोडीशीच, कुरकुर चालूच होती.

इंटरव्ह्यूची नोटिस आली ऑक्टोबरमध्ये, तारीख १३ नोव्हेंबर २०२४, लाँग आयलंड सिटी. म्हणजे ५ नोव्हेंबरची राष्ट्राध्यक्षांची निवडणूक परत खिडकीतूनच. सकाळी ८.४० ची वेळ, मी ७.५० ला दारात. पट्टा, किल्ल्या, फोन मशीनमधून. वेटिंग रूममध्ये वेगवेगळ्या देशांचे लोक आणि सगळे ओठ हलवत, मला एकदम दहावीच्या बोर्डाच्या सेंटरबाहेरची आठवण झाली. माझ्या शेजारचे गयानाचे आजोबा घाबरलेले, त्यांचा प्रश्न असा की अध्यक्ष कोण म्हणून विचारलं तर बायडन सांगायचं की ट्रंप? मागच्या आठवड्यातच निकाल लागलेला. तीन जणांनी तीन मतं दिली. प्रश्नात "आत्ता" असा शब्द आहे, म्हणून बायडन, हे शेवटी गार्डने सांगितलं.

माझं नाव पुकारलं ९.३५ ला. ऑफिसर बाई होत्या, चाळिशीच्या असतील, फार हसऱ्या नाहीत पण तुसड्याही नाहीत. उजवा हात वर करून खरं बोलायची शपथ. मग प्रश्न, मला सहाच विचारले कारण सहाही बरोबर आले, त्यात राष्ट्राध्यक्षाला मत द्यायला वय किती लागतं हा होता. वाचायला एक वाक्य, लिहायला एक वाक्य. मला लिहायला आलं ते "नागरिकांना मत देण्याचा हक्क आहे" अशा अर्थाचं, टॅबलेटवर पेनने लिहायचं. माझं अक्षर इतकं वाईट आलं की मीच घाबरले, पण चाललं.

मग फॉर्मवरून एकेक प्रश्न. १७३ दिवसांच्या ट्रिपवर थांबल्या. का गेलात, नोकरी चालू होती का, घरभाडं कोण भरत होतं. माझ्याकडे हॉस्पिटलची कागदं, तेवढ्या महिन्यांच्या भाड्याच्या पावत्या, टॅक्स ट्रान्स्क्रिप्ट सगळं फाइलमध्ये टॅग लावून होतं, त्यांनी दोनच कागद बघितले. आणि मग विचारलं, "कॅनडा?" मी ब्लँक. २०२२ च्या उन्हाळ्यात दीर-जाऊबाई आलेल्या तेव्हा गाडीने नायगाऱ्याच्या पलीकडच्या बाजूला दोन रात्री राहिलो होतो, शिक्का नाही, तिकीट नाही, यादीत नाही. ऑफिसर बाईंकडे नोंद होती. मी कबूल केलं, विसरले म्हणून, त्यांनी तिथेच घालून घेतलं, माझी सही घेतली, पुढे. तेवढ्या अर्ध्या मिनिटात माझ्या डोळ्यांसमोरून सोळा वर्षं गेली. गाडीने सीमा ओलांडली असेल तर ती ट्रिप पण लिहा, एवढंच.

"मतदार म्हणून नाव नोंदवलंय का कधी?" "नाही." हे "नाही" मी आयुष्यात इतकं ठासून कधी म्हटलं नसेल.

बावीस मिनिटांत बाहेर, हातात पास झाल्याचा कागद. बरोबर एका आठवड्याने, २० नोव्हेंबरला, महाराष्ट्रात विधानसभेचं मतदान होतं. आईचा परत फोटो आला. या वेळी मी फोन करून सांगितलं. ती जरा गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे आता तू इथे यायला व्हिसा काढणार?" मी ओसीआय कार्ड समजावलं, आयुष्यभराचा व्हिसाच तो, यायला-जायला, राहायला, काही अडचण नाही. "मत?" म्हटलं नाही, मत नाही. "मग काय उपयोग," म्हणाली, आणि बाबांना फोन दिला. बाबा म्हणाले, "अगं पण तू तसंही कुठे देत होतीस?" तेही खरं. परदेशातल्या भारतीय नागरिकाला फॉर्म ६ए भरून नाव नोंदवता येतं, २०१० च्या दुरुस्तीपासून, पण मत द्यायला स्वतः तिकीट काढून त्या बूथवर जावं लागतं. सोळा वर्षांत मी ते एकदाही केलं नव्हतं.

नवऱ्याने अर्ज केला नाही. वाईला सासऱ्यांची शेती आहे, शेजारचा तुकडा विकायला निघाला होता आणि परत राहायला जाऊन तो नवऱ्याच्या नावाने घ्यायचं चाललं होतं. ओसीआयवाल्याला शेतजमीन वारशाने मिळू शकते, विकत घेता येत नाही; परदेशात राहतोय तोवर भारतीय नागरिकालाही नाही, पण तो परत राहायला गेला की घेऊ शकतो. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, १९५५ च्या कायद्यात दुसऱ्या देशाचं घेतलं की आपलं गेलं. तर ठरलं की मी पुढे व्हायचं, त्याने मागे थांबायचं. घरात यावर भांडण झालं नाही असं लिहिलं तर खोटं होईल.

शपथविधी २४ जानेवारी २०२५, शुक्रवार, ब्रुकलिनचं फेडरल कोर्ट. आमच्या क्वीन्सच्या लोकांची शपथ तिथे न्यायाधीशांसमोर होते. शपथेचं बोलावणं म्हणून आलेल्या एन-४४५ कागदावर मागे प्रश्न असतात, इंटरव्ह्यूनंतर कुठे गेलात का, काही गुन्हा केलात का, ते त्याच दिवशी सकाळी भरा, आधी नाही. दारात ग्रीन कार्ड काढून घेतात. दहा वर्षं ज्याची वाट बघितली ते कार्ड एका बाईने पत्त्याच्या पानासारखं खोक्यात टाकलं.

शपथेत पहिलंच वाक्य असं की कुठल्याही परकीय राजा, सत्ता, राष्ट्राशी असलेली निष्ठा मी पूर्णपणे सोडते. मी ते इंग्रजीत म्हटलं आणि डोक्यात मात्र शाळेतलं "भारत माझा देश आहे" सुरू झालं, दोन रेडिओ स्टेशनं एकमेकांत घुसतात तसं. रडले वगैरे नाही. शेजारची कोलंबियाची मुलगी रडत होती, तिला टिश्यू दिला. नंतर बाहेर मतदार नोंदणीचे फॉर्म मिळत होते. तिथेच उभ्याने भरला. पक्षाचा रकाना रिकामा सोडू नका, किंवा विचार करून सोडा, कारण न्यूयॉर्कमध्ये पक्षाच्या प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवायची निवडणूक) त्या पक्षाचे नोंदलेले मतदारच मत देतात आणि या शहरात बऱ्याचदा खरी लढत प्रायमरीतच होऊन जाते. मी डेमोक्रॅट टिक केलं.

पुढची कागदं पटापट सांगते. नागरिकत्वाचं सर्टिफिकेट मिळाल्यावर त्यावरचं नाव, जन्मतारीख तिथल्या तिथे तपासा. भारतीय पासपोर्टवर आता प्रवास करायचा नाही, दंड पडतो. अमेरिकन पासपोर्टला १३० अधिक ३५ डॉलर, घाई असेल तर वर ६०, आणि मूळ सर्टिफिकेट पाठवावं लागतं, ते महिनाभर हातात नसतं, त्याआधी स्कॅन करून ठेवा. माझा पासपोर्ट मार्चमध्ये आला, सर्टिफिकेट वेगळ्या पाकिटात मागून आलं, जीव खालीवर झाला मधल्या आठवड्यात. मग भारतीय पासपोर्ट सरेंडर, मग ओसीआय, त्याची सरकारी फी २७५ डॉलर, सर्व्हिस चार्ज वेगळा. फोटोचं माप भारताचं आणि अमेरिकेचं सारखंच दोन इंच बाय दोन इंच, पण अपलोडच्या साइजने दोन संध्याकाळी खाल्ल्या. जुना पासपोर्ट रद्दचा शिक्का मारून परत आला. तो मी कपाटात साड्यांच्या खाली ठेवलाय.

त्याच मार्चमध्ये, २० तारखेला, राज्याच्या सर्वात वरच्या कोर्टाने ६-१ ने तो जुना शहराचा कायदा कायमचा रद्द केला. राज्यघटनेत "प्रत्येक नागरिकाला" मताचा हक्क आहे असं लिहिलंय, शहराचं म्हणणं की त्यात "फक्त" कुठे म्हटलंय, कोर्ट म्हणालं, अर्थ "फक्त" नागरिकांना असाच. नवऱ्याने बातमी मोठ्याने वाचून दाखवली आणि म्हणाला, "वाई की ब्रुकलिन, ठरवायला पाहिजे आता."

२४ जून, प्रायमरी. पारा शंभर फॅरनहाइटच्या आसपास. बूथ मुलाच्या जुन्या प्राथमिक शाळेची जिम. टेबलावरच्या बाईंनी टपालाने आलेल्या कार्डाचा बारकोड स्कॅन केला, टॅबलेटवर सही घेतली, झालं. मी पर्स उघडून पासपोर्ट काढतेय, त्या म्हणतात नको, ओळखपत्र लागत नाही. मला विश्वासच बसेना. आपल्याकडे एजंट लोक मागे बसून नाव मोठ्याने वाचतात, इथे काही नाही. बॅलट कागदाचा, मोठाच्या मोठा, आणि त्यावर इंग्रजीसोबत बंगाली. क्वीन्समध्ये भारतीयांसाठी म्हणून बंगाली भाषा धरली आहे, आधी हसू आलं आणि मग अक्षरं ओळखीची वाटतात का म्हणून दोन मिनिटं बघत बसले. महापौरपदाला अकरा नावं, आणि एकच निवडायचं नाही, पहिली पसंती, दुसरी, अशी पाचपर्यंत, प्रत्येकाला गोल काळा करायचा. पहिला बाद झाला तर तुमचं मत दुसऱ्याकडे जातं. घरून चिठ्ठी लिहून न्या, ती चालते, मी नेली होती आणि तरी तिसऱ्या नंबरला गोंधळले. मग कागद स्कॅनरच्या तोंडात. ईव्हीएमसारखी लांब बीप नाही, स्क्रीनवर आकडा एकने वाढला. तो आकडा बघताना मात्र घसा दाटला.

मत दिल्याचं स्टिकर मिळालं. आईला फोटो पाठवला. तिचा रिप्लाय: "बोटाला काही लावलं नाही? मग दोनदा देत असतील लोक."

नोव्हेंबरच्या निवडणुकीत परत गेले. वीस लाखांच्या वर मतं पडली शहरात, १९६९ नंतर पहिल्यांदा एवढी, आणि जे ममदानी महापौर म्हणून निवडून आले ते स्वतः २०१८ मध्ये शपथ घेऊन नागरिक झालेले. मी कोणाला दिलं ते नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तो बाहेर कुंपणाला टेकून माझी वाट बघत उभा होता, हातात माझी पर्स.

थँक्सगिव्हिंगच्या आधी ज्युरी ड्यूटीचं (कोर्टात पंच म्हणून बसायचं) पाकीट आलं, म्हणजे ती "फक्त नागरिकांची जबाबदारी" पण पोचली. आणि वाईचा तुकडा शेवटी दुसऱ्याच कोणी घेतला. काल रात्री नवरा एन-४०० उघडून बसला होता. पाच वर्षांच्या ट्रिपची यादी माझ्याकडून जशीच्या तशी मागत होता. म्हटलं देते, पण नायगारा तुझा तू लिही.